टस्कनीत सायकलवर आठ दिवस, आणि 'उन पो' म्हणजे नक्की किती

मे महिन्यात मी आणि बायको इटलीतल्या टस्कनीत सायकल चालवून आलो. सिएनाहून वर किआंतीच्या डोंगरात एक गोल, मग दक्षिणेला ओर्चा नदीच्या खोऱ्यातून मोन्तेपुल्चानोपर्यंत. आल्यापासून ग्रुपवर जो तो विचारतोय प्लॅन कसा केला, व्हिसाला काय दाखवलं, सायकल नेली का भाड्याने घेतली, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो.

पहिला प्लॅन मी एक्सेलमध्ये केला होता, रोज ७५-८० किलोमीटर. पुण्याहून साताऱ्याला एका दिवसात जातो आपण, त्या हिशोबाने ८० म्हणजे काहीच नाही असं वाटलेलं. मग एका रविवारी बायकोने त्यातला सिएना ते राद्दा हा ४५ किलोमीटरचा पहिला तुकडा मॅपवर टाकून चढ बघितला आणि म्हणाली, "अरे हे ४५ किलोमीटर नाहीयेत, हा दीड सिंहगड आहे, सामानासकट." सिंहगडाचा घाट सहाशे मीटरच्या आसपास धरा, आणि तो तुकडा नऊशे-हजार मीटर चढाचा निघाला. एक्सेल डिलीट.

आपल्याकडे गाव पायथ्याला असतं आणि गड वर. पायथ्याच्या गावात झोपायचं, सकाळी पोहे खाऊन ताज्या पायांनी गड चढायचा. तिथे गावच गडावर आहे. एकूण एक गाव टेकडीच्या डोक्यावर, भोवती तटबंदी, आत येणारे एक-दोन दरवाजे, आणि जेवण, पाणी, पलंग सगळं त्या तटाच्या आत. म्हणजे दिवसाचा सगळ्यात वाईट चढ संध्याकाळी पाच वाजता, पाय संपलेले असताना, पॅनिअर (कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना लटकवायच्या पिशव्या) लादलेल्या सायकलवर. हे एकदा डोक्यात बसलं की बाकीचं प्लॅनिंग आपोआप होतं. आम्ही दिवसाला ३५ ते ४५ किलोमीटर ठेवले, मध्ये सिएनात एक दिवस सुट्टी, आणि खोलीचं बुकिंग करताना आधी त्या घराची उंची बघायची मग फोटो.

व्हिसाचं थोडक्यात. शेंगेनला प्रत्येक रात्रीचा पत्ता लागतो, "सायकल जिथे दमेल तिथे" असं चालत नाही. सगळी फुकट कॅन्सल होणारी बुकिंग केली, कव्हर लेटरमध्ये सायकल टूर आहे असं सरळ लिहिलं आणि रोजचा कुठून-कुठे असा तक्ता जोडला. इन्शुरन्स किमान ३०,००० युरोचा लागतोच, पण सायकलिंग त्यात धरलंय का ते बारीक अक्षरात वाचा, आमच्या पहिल्या पॉलिसीत नव्हतं. बाकी नेहमीसारखंच, फाईल जाड आणि रांग लांब.

तयारी म्हणजे बोपदेव घाट. आठवड्यातून दोनदा, पॅनिअरमध्ये दोन-दोन लिटरच्या चार पाण्याच्या बाटल्या भरून. घाटात एका दूधवाल्याने गाडी हळू करून विचारलं, "काका, वर पाणी नाय का?"

सायकली फ्लोरेन्सला भाड्याने घेतल्या. आपली नेण्यात खोका, एअरलाइनचे पैसे आणि परत येईपर्यंत खोका कुठे ठेवायचा हा प्रश्न, सगळी डोकेदुखी. ईमेलवर मी दहादा लिहिलं होतं की मागे ३४ दातांची कॅसेट (मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्या) हवी आणि टायर किमान ३५ मिलिमीटर. दुकानात गेलो तर टायर बरोबर पण मागे २८ ची कॅसेट, आणि तिथल्या पोराचं म्हणणं की टस्कनी "डोंगराळ नाही, लाटांसारखी आहे". पुढे ३४ मागे २८ म्हणजे पॅडलच्या एका फेऱ्यात चाक जवळजवळ सव्वा फेरा फिरतं, पुढे ३४ मागे ३४ म्हणजे बरोबर एक. ऐकायला फरक किरकोळ आहे पण बारा-तेरा टक्क्यांच्या चढावर नऊ किलो सामान घेऊन तो पाव फेरा म्हणजे चालवणं आणि ढकलणं यातला फरक आहे. तासभर हुज्जत घातली, शेवटी त्याने बदलून दिली. बदलल्याशिवाय दुकान सोडू नका, अगदी ट्रेन चुकली तरी.

ट्रेन तशी सोपी. आम्ही सायकल रिजनल, म्हणजे जवळच्या पल्ल्याच्या गाडीत नेली, तिचं वेगळं तिकीट लागलं. कागदी तिकीट असेल तर चढण्याआधी स्टेशनवरच्या मशीनमध्ये पंच करायचं, नाहीतर तिकीट असून विनातिकीट. सिएनाचं स्टेशन अर्थातच खाली दरीत आणि शहर वर. तिथेच कळायला हवं होतं.

पहिल्या दिवशी ब्रोलिओच्या किल्ल्यावरून गायोले, आणि तिथून राद्दा. ब्रोलिओचे जे रिकासोली जहागीरदार, त्यातला बेत्तिनो रिकासोली पुढे एकत्र इटलीचा दुसरा पंतप्रधान झाला, आणि किआंती वाइनमध्ये कुठली द्राक्षं किती हे ठरवणाराही तोच. गायोले मात्र सायकलवाल्यांचं. १९९७ मध्ये इथून लेरोइका नावाची राइड सुरू झाली, तिचा एक हेतू हा की या भागातले पांढऱ्या खडीचे जुने रस्ते डांबराखाली जाऊ नयेत. ऑक्टोबरात होते, १९८७ च्या आधीच्या रेसिंग सायकली लागतात, गिअरचे दांडे खालच्या नळीवर, ब्रेकच्या केबल बाहेरून. (माझ्या मामाची सायकल चालली असती, पण ती आता तुळशीला टेकून असते.) त्या राइडचा २०९ किलोमीटरचा रूट पाट्या लावून कायमचा आखून ठेवलाय, कोणीही वर्षभरात कधीही करावा. आम्ही त्याचे तुकडे घेतले, अख्खा नाही.

हे पांढरे रस्ते फोटोत जेवढे गोड दिसतात तेवढे नाहीत हं. चढताना बसून चढायचं, उभं राहिलं की मागचं चाक जागच्या जागी फिरतं. उतारावर वळणाच्या आधी खडीच्या आडव्या लाटा झालेल्या असतात, हॅन्डल दातांपर्यंत हलतं. आणि तिथेच घोळ झाला. आपल्याकडे पुढचा ब्रेक उजव्या हाताला असतो, तिथे डाव्या. मला माहीत होतं, मी बायकोला सांगितलंही होतं असं माझं म्हणणं, तिचं म्हणणं वेगळं आहे. गायोलेच्या आधीच्या एका उतारावर तिने मागचा समजून डावा दाबला, पुढचं चाक खडीत आडवं झालं आणि ती हळूच, अगदी स्लो मोशनमध्ये, द्राक्षांच्या मळ्याच्या कडेला बसली. गुडघा खरचटला, ग्लोव्हमुळे तळवा वाचला. मी बेटाडिन काढतोय तोवर मळ्यातले एक आजोबा आले, त्यांनी गुडघा बघितला, मग सायकल बघितली, मग चेन हाताने चढवून दिली आणि खांदे उडवून गेले. त्या रात्री दोन्ही हॅन्डलवर चिकटपट्टी लावून पेनने लिहिलं, 'पु' आणि 'मा'.

एक इटालियन शब्द पाठ करून गेलो होतो, सलीता, म्हणजे चढ. वाटेत कोणी दिसलं की पुढे बोट दाखवून "सलीता?" आणि उत्तर कायम एकच, अंगठा आणि बोटामध्ये चिमूटभर फट ठेवून, "उन पो." थोडासा. आपल्या गावाकडे "हे काय, हाकेच्या अंतरावर" म्हणतात त्याचा सख्खा भाऊ. राद्दाच्या आधीचा उन पो पाऊण तास चालला.

दुसऱ्या दिवशी कास्तेल्लीनावरून सान जिमिन्यानो. कास्तेल्लीनाच्या खालीच फोन्तेरुतोली आहे, त्याची दंतकथा मस्त आहे. फ्लोरेन्स आणि सिएनाचं हद्दीवरून भांडण, ठरलं असं की कोंबडा आरवला की दोन्हीकडून एकेक घोडेस्वार निघेल, भेटतील तिथे हद्द. सिएनावाल्यांनी कोंबड्याला खाऊ घालून जाडजूड केला, फ्लोरेन्सवाल्यांनी काळा कोंबडा उपाशी ठेवला, तो बिचारा भुकेने अंधारातच आरवला, आणि फ्लोरेन्सचा स्वार सिएनाच्या पार जवळ येऊन पोचला. तो काळा कोंबडा आजही किआंती क्लासिको वाइनच्या बाटलीवर असतो.

सान जिमिन्यानोला एकेकाळी ७२ बुरूज होते, आता १४ उरलेत, श्रीमंत घराण्यांनी एकमेकांना खिजवायला बांधलेले. दुपारी तिथे इतकी गर्दी की सायकल हातात धरूनही चालवेना, पण संध्याकाळी टूरच्या बस गेल्या की गाव आपलं. म्हणून मुक्काम आतच करा, महाग पडला तरी.

मोन्तेरिज्जोनी तिसऱ्या दिवशी. मला सगळ्यात आवडलं हेच. सिएनाने १२१३ च्या सुमारास फ्लोरेन्सवर लक्ष ठेवायला बांधलेलं ठाणं, टेकडीवर गोल तट, १४ बुरूज, आणि आत चक्क पाच मिनिटात संपेल एवढंसं गाव. लांबून मुकुट ठेवल्यासारखं दिसतं आणि त्याचा चढ, खरंच सांगतो, एकमेव खराखुरा उन पो.

खाण्याचं बघा. किचन अडीचला बंद होतं आणि साडेसातला उघडतं. आम्ही पहिल्या दिवशी तीनला पोचलो आणि बिस्किटांवर निभावलं. नंतर सकाळीच वाणसामानाच्या दुकानातून पाव, चीज, टोमॅटो घेऊन निघायचो. तिथल्या पावात मीठच नसतं, पहिला घास घेतला की वाटतं बेकरीवाला विसरला, पण खारट पेकोरिनो चीजबरोबर मग जमतं. बायको शाकाहारी, तिचं पीचीवर छान भागलं, हाताने वळलेल्या जाड शेवया, टोमॅटो आणि भरपूर लसूण. सायकलवर खायला सिएनाचं पानफोर्ते घ्या, सुकामेवा आणि मधाची घट्ट वडी, एनर्जी बारच्या तोंडात मारेल अशी. पाणी गावातल्या नळांवर फुकट, फक्त पाटीवर 'नोन पोताबिले' असेल तर ते पिऊ नका.

सुट्टीच्या दिवशी सिएनात सांता कातेरिना नावाची गल्ली पायी चढलो. २००७ पासून स्त्रादे बियांके (म्हणजे 'पांढरे रस्ते') ही सायकल रेस होते ना, त्यात खेळाडू शेवटी या १६ टक्क्यांच्या फरशीवरून कांपोच्या चौकात येतात. मी हातात आइस्क्रीम घेऊन चढलो तरी धाप लागली.

मग मोन्ताल्चीनो. खाली बुओनकोन्वेन्तो दीडशे मीटरवर, वर मोन्ताल्चीनो साडेपाचशेच्या वर, मध्ये चौदा किलोमीटर ऊन. दोनदा ढकलली, लाजायचं काय त्यात. वर १३६१ चा किल्ला आहे. १५५५ मध्ये सिएना पडलं तेव्हा तिथले लोक राज्य घेऊन इथे आले आणि १५५९ पर्यंत लढत राहिले. राजाराम महाराज जिंजीला गेले त्याची आठवण आली, आणि तटावर बसून बायकोला ती सगळी गोष्ट सांगितली, तिने ऐकूनही घेतली, पाय हलत नव्हते म्हणून असेल.

पिएन्झा तसं मध्ययुगीन नाही, इथे जन्मलेला माणूस पोप झाला, दुसरा पायस, आणि त्याने १४५९ पासून आपलं खेडंच नव्याने बांधून घेतलं. वाटेत बान्यो विन्योनी, तिथे गावाच्या चौकात चौक नाहीच, गरम पाण्याचा मोठा हौद आहे. त्यात उतरायला बंदी, पण खाली वाहून येणाऱ्या पाण्यात पाय सोडून आम्ही तास काढला.

शेवटचा मुक्काम मोन्तेपुल्चानो, सहाशे मीटर. तिथून पूर्वेला कियाना नदीचं सपाट खोरं दिसतं, हिरवंगार, आणि पूर्वी ते सगळं दलदल आणि मलेरिया होतं. म्हणजे लोक हौसेने डोंगरावर राहत नव्हते, शत्रू आणि डास दोन्ही खाली होते. मी आठ दिवस त्या लोकांना मनात शिव्या देत होतो ते जरा कमी केलं.

तिथून किउसी स्टेशन वीसेक किलोमीटर, बहुतेक उतार, आणि रिजनल गाडीने फ्लोरेन्स. दुकानात तोच पोरगा होता. सायकलींवर पांढऱ्या धुळीचा थर, ब्रेकचे पॅड जवळजवळ संपलेले, हॅन्डलवर 'पु' आणि 'मा'. त्याने त्या पट्ट्यांकडे बराच वेळ बघितलं, काही विचारलं नाही. मग मागची कॅसेट बघून म्हणाला, "सलीता?"

बायकोने चिमूट दाखवली.