कॉलेजची फुटबॉल स्पर्धा: आदल्या दिवशी काय काय लिहून ठेवायचं

फुटबॉलचे सतरा नियम जगभर एकच आहेत. पण ते पुस्तक नीट वाचलं तर जागोजागी एकच सूचना भेटते: हे स्पर्धेच्या नियमांत ठरवावं. बदली खेळाडू किती, मध्यंतर किती मिनिटांचं, बरोबरी झाली तर पुढे काय, सामना अर्धवट थांबला तर निकाल काय, हे सगळं आयोजकांवर सोडलेलं आहे. संघ उशिरा आला तर किती वेळ थांबायचं, साखळीत गुण सारखे झाले तर वर कोण, याचा तर त्यात उल्लेखही नाही. आपल्याकडे यजमान कॉलेज मंडप, पाहुणे, चषक आणि फ्लेक्स यांची तयारी महिनाभर करतं, आणि हे दोन पानांचं काम मैदानावर दोन्हीकडची पोरं अंगावर आल्यावर करायला बसतं. निम्मी भांडणं तिथूनच निघतात.

सुरुवात संघांपासून. सीमाभागात हा प्रश्न वाटतो तेवढा सरळ नाही. बेळगाव जिल्ह्यातली बहुतेक कला, वाणिज्य, विज्ञान कॉलेजं २०१० साली स्थापन झालेल्या राणी चन्नम्मा विद्यापीठाखाली येतात. इंजिनिअरिंगची कॉलेजं विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाची. त्याचं मुख्यालय बेळगावातच असलं तरी त्यांच्या स्पर्धा वेगळ्या. निपाणीला लागून असलेलं अर्जुननगरचं देवचंद कॉलेज तर महाराष्ट्राच्या हद्दीत, शिवाजी विद्यापीठाकडे. म्हणजे निपाणीत एकाच मैदानावर सराव करणारी दोन पोरं विद्यापीठ संघात निवडली गेली, तर एक दक्षिण विभागात खेळणार आणि दुसरं पश्चिम विभागात. विद्यापीठाच्या स्पर्धेत यात गोंधळ होत नाही, कारण संलग्न कॉलेजांनाच पत्र जातं. गोंधळ होतो तो निमंत्रितांच्या स्पर्धेत. तिथे कुठल्या विद्यापीठाची पात्रता धरायची हे पत्रकातच छापलं पाहिजे.

दुसरी हमखास चूक पीयूसीच्या, म्हणजे कर्नाटकातल्या अकरावी-बारावीच्या पोरांची. एकाच आवारात पीयू आणि डिग्री असेल तर बारावीतला चांगला स्ट्रायकर डिग्रीच्या संघात घालायचा मोह होतो. कर्नाटकात पीयूचं खातं वेगळं आणि त्यांच्या स्पर्धाही वेगळ्या. असा एक खेळाडू सापडला की जिंकलेला सामना कागदावर हरतो, आणि त्यात बाकीच्या दहा जणांचं वर्ष वाया जातं.

पात्रता फॉर्मसोबत दहावीचं मार्क्स कार्ड, चालू वर्षाची फीची पावती, कॉलेजचं ओळखपत्र आणि प्राचार्यांचा सहीशिक्का असलेला खेळाडूचा फोटो लागतो. तपासताना इथे अडचण येते ती नावाची. कर्नाटकच्या मार्क्स कार्डावर नाव बऱ्याचदा आद्याक्षरांत असतं, आधारवर पूर्ण असतं, आणि ज्याची दहावी कोल्हापूरकडे झाली त्याच्या कागदावर आडनाव पहिलं येतं. कन्नड आणि मराठी उच्चारांप्रमाणे इंग्रजी स्पेलिंगही बदलतं. तेव्हा नाव जुळत नाही म्हणून कुणाला लगेच बाद करू नये. जन्मतारीख, वडिलांचं नाव आणि फोटो या तिन्ही गोष्टी जुळल्या तर खेळवावं, आणि फरक काय आहे ते फॉर्मवर लिहून दोन्ही संघांच्या पीडी (क्रीडा शिक्षक) सरांच्या सह्या घ्याव्यात. हे काम आदल्या संध्याकाळी ड्रॉच्या वेळीच उरकायचं. सामन्याच्या आधी फक्त चेहरा आणि जर्सी नंबर बघायचा.

ड्रॉ बाद पद्धतीचा असेल तर हिशेब सोपा आहे. सामने संघांपेक्षा एक कमी. अकरा संघ आले तर दहा सामने. दोन, चार, आठ, सोळा या दुपटीत अकराच्या पुढचा आकडा सोळा. सोळातून अकरा गेले, पाच संघांना बाय, म्हणजे ते पहिली फेरी न खेळता पुढे. वरच्या अर्ध्यात सहा संघ, खालच्या अर्ध्यात पाच. वर दोन बाय, खाली तीन. पहिला बाय खालच्या अर्ध्यातल्या शेवटच्या संघाला, दुसरा वरच्या अर्ध्यातल्या पहिल्याला, तिसरा खालच्या अर्ध्यातल्या पहिल्याला, चौथा वरच्या अर्ध्यातल्या शेवटच्याला. पाचवा पुन्हा खाली, शेवटून दुसऱ्याला. हा क्रम फळ्यावर लिहून मगच चिठ्ठ्या उचलायच्या. चिठ्ठ्या आधी उचलल्या आणि बाय नंतर वाटले, तर यजमानांना बाय मिळाला की कुणाचाच विश्वास बसत नाही.

एकच मैदान असेल तर पूर्ण नव्वद मिनिटांचा सामना परवडत नाही. पस्तीस-पस्तीसचे दोन डाव आणि दहा मिनिटांचं मध्यंतर धरलं तर ऐंशी मिनिटं होतात. वाया गेलेला वेळ, टायब्रेकर आणि संघबदल यांसाठी वीस मिनिटं धरून एका सामन्याला शंभर मिनिटं द्यावीत. म्हणजे सकाळी ८, ९.४० आणि ११.२०, दुपारी २.३० आणि ४.१०. दिवसाला पाच, आणि शेवटचा ५.५० पर्यंत उजेडात संपतो. यात जादा वेळ बसत नाही. म्हणून अंतिम सामना सोडून बाकी सगळ्यांत बरोबरी झाली की थेट पेनल्टी, असं लिहूनच टाकावं. डाव लहान करायचा तर दोन्ही संघांना आणि पंचांना सामन्याआधीच माहीत पाहिजे. पाऊस यायला लागला म्हणून दुसरा डाव पंचवीस मिनिटांचा केला, हे चालत नाही.

अकरा संघांचे दहा सामने असे बसवावेत. पहिल्या दिवशी सकाळी पहिल्या फेरीचे तीन. दुपारी उपांत्यपूर्वचे दोन: आधी ज्यात दोन्ही संघ बायवाले आहेत तो, मग सकाळी आठला जिंकलेल्या संघाचा. दुसऱ्या दिवशी सकाळी उरलेले दोन, दुपारी दोन्ही उपांत्य, तिसऱ्या दिवशी अंतिम. दुसऱ्या दिवशी दोन संघांना दोनदा उतरावं लागतं हा यातला दोष आहेच, पण दोन सामन्यांत पाच तासांचा अवकाश तरी राहतो. तीन दिवसांचा खर्च नको म्हणून दोन दिवसांत सगळं कोंबलं की पोटऱ्यांत गोळे आलेली पोरं अंतिम सामना खेळतात. माझ्या मते त्यापेक्षा एक दिवसाचा मंडप कमी करावा.

आता मैदान. याला वेळ द्या, कारण आखणी चुकली की प्रत्येक सामन्यात तीच चूक पुन्हा भोवते. नियमाप्रमाणे लांबी ९० ते १२० मीटर आणि रुंदी ४५ ते ९० मीटर चालते. आपल्या मैदानांवर १०० बाय ६४ बसलं तर उत्तम. आधी एक गोलरेषा दोरीने ताणून घ्या. कोपऱ्यातून त्या दोरीवर ६ मीटर आणि बाजूच्या रेषेवर ८ मीटर मोजा. दोन्ही खुणांमधलं अंतर बरोबर १० मीटर आलं की कोन काटकोन. चारही खुंट्या ठोकल्यावर दोन्ही कर्ण मोजायचे. १०० बाय ६४ ला कर्ण ११८.७३ मीटर येतो. दोन कर्णांत अर्ध्या मीटरचा फरक असेल तर फक्की (रेषांची पांढरी पूड) टाकू नका, खुंटी हलवा.

गोलरेषेचा मध्य काढून तिथून दोन्हीकडे २०.१६ मीटरवर पेनल्टी एरियाच्या खुणा, ९.१६ मीटरवर गोल एरियाच्या. आत १६.५ आणि ५.५ मीटर. पेनल्टीचा ठिपका ११ मीटरवर. डी, म्हणजे पेनल्टी एरियाच्या बाहेरची कमान, काढताना दोरीचं टोक याच ठिपक्यावर धरायचं, त्रिज्या ९.१५ मीटर. पुष्कळ ठिकाणी माळी एरियाच्या रेषेवर मध्य धरून अर्धगोल काढतो. मग डी नको तेवढी फुगते आणि पेनल्टीच्या वेळी खेळाडू भलत्याच ठिकाणी उभे राहतात. रेषेची जाडी १२ सेंटिमीटरपेक्षा जास्त नको, आणि रेषा ज्या भागाची हद्द दाखवते त्या भागातच ती मोजली जाते. म्हणून मापं बाहेरच्या कडेपासून घ्यायची. सगळ्या रेषांची लांबी मिळून सुमारे सातशे मीटर भरते, फक्की त्या हिशेबाने आणा. चुना वापरू नका. पावसात ओला झालेला चुना गुडघा सोललेल्या पोराच्या जखमेत किंवा गोलकीपरच्या डोळ्यात गेला तर भाजतो.

गोलपोस्ट आतून ७.३२ मीटर आणि आडव्या खांबाच्या खालच्या कडेपर्यंत २.४४ मीटर. तांबड्या मातीत गोलकीपर उभा राहतो ती जागा पावसाळाभर खचत जाते आणि उंची नकळत वाढते. स्पर्धेच्या आठवडाभर आधी तिथे माती टाकून, पाणी मारून, धुमसून घ्या. आदल्या दिवशी टाकलेली सैल माती पहिल्याच सामन्यात बाहेर येते. बैलहोंगल, सौंदत्तीकडच्या काळ्या मातीत अडचण उलटी. सुकली की भेगा, भिजली की बुटाला किलोभर चिखल. तिथे पाऊस पडून गेल्यावर लगेच रोलर फिरवला तर वरचा थर दाबला जातो आणि पाणी तिथेच राहतं. हलवता येणारे लोखंडी पोस्ट असतील तर मागून पोत्यांचं वजन किंवा जमिनीत आकडे पाहिजेतच. पोस्टला लोंबकळायची खोड पोरांना असते.

चेंडू ६८ ते ७० सेंटिमीटर घेराचा, म्हणजे पाच नंबरचा, ४१० ते ४५० ग्रॅम. हवा ०.६ ते १.१ अॅटमॉस्फिअर. तीन चेंडू सारख्याच हवेचे ठेवा.

खेळाडूंच्या तपासणीत इथे सगळ्यात जास्त वाद होतो तो मनगटावरचा गंडा, कडं आणि कानातल्या बाळीचा. नियम स्पष्ट आहे: कुठलाही दागिना काढायचा, वरून टेप लावून चालत नाही. पोरं देवाचं नाव काढतात, पंच मऊ पडतो, आणि दुसऱ्या संघाचा कर्णधार बोट दाखवतो. म्हणून पत्रकातच छापा. शिनगार्ड सक्तीचं, हेही तिथेच.

बदलांचं असं लिहावं: यादीत अठरा, बदल पाच, तेही तीन थांब्यांत, मध्यंतरातला बदल त्या तीनांत धरत नाहीत. बाहेर गेलेला परत येत नाही. हे मुद्दाम लिहायचं, कारण पोरं मोबाईलवर अमेरिकन कॉलेजांचे सामने बघतात. तिथे बाहेर गेलेल्याला काही अटींवर परत येता येतं आणि गोल झाला, कार्ड निघालं की घड्याळही थांबतं. ते त्यांच्या कॉलेज संघटनेचे नियम. आपल्याकडे घड्याळ पंचाच्या मनगटावर, आणि ते थांबत नाही.

संघ उशिरा आला तर? पंधरा मिनिटं, पंचाच्या घड्याळाने, मैदानात किमान सात खेळाडू गणवेशात. नंतर ३-० ने पुढे चाल. अथणीहून पहाटे निघालेल्या संघाची दया येते, तर त्याला सकाळी आठचा सामना देऊ नका. ड्रॉमध्ये वेळेची अदलाबदल करता येते, मैदानावर नाही.

वीज चमकली किंवा गडगडाट ऐकू आला की सामना थांबवायचा, आणि शेवटच्या गडगडाटानंतर तीस मिनिटं कुणी मैदानात यायचं नाही. पुन्हा गडगडलं की तीस मिनिटं पुन्हा पहिल्यापासून. झाडाखाली किंवा मंडपाच्या लोखंडी खांबांना टेकून उभं राहू देऊ नका. इमारतीत किंवा बंद गाडीत पाठवा. सामना पुढे होणारच नसेल तर मूळ नियम सांगतो की तो नव्याने खेळवा, पण स्पर्धेचे नियम वेगळं ठरवू शकतात. मला सोयीचं वाटतं ते असं: दुसऱ्या डावाची वीस मिनिटं झाली असतील तर आहे तो निकाल कायम, त्याआधी थांबला तर दुसऱ्या दिवशी त्याच गोलसंख्येवर आणि त्याच मिनिटापासून पुढे.

पेनल्टीच्या वेळी टेबलावर नियम माहीत असलेला एक माणूस बसवा. नाणेफेक दोनदा होते, एक कुठल्या गोलवर मारायच्या यासाठी आणि दुसरी पहिली किक कुणाची यासाठी. सामना संपताना मैदानात असलेलेच मारू शकतात. एका संघाचे दहाच उरले असतील तर दुसऱ्यानेही दहा करायचे, नाहीतर अकरा जणांच्या संघाचा सगळ्यात कच्चा अकरावा मारायला येतो तेव्हा दहा जणांच्या संघाचा पहिला खेळाडू पुन्हा मारतो. सामन्यातलं यलो कार्ड पेनल्टीत पुढे येत नाही. तेव्हा आधी एक यलो घेतलेल्याला पेनल्टीच्या वेळी आणखी एक मिळालं तर तो बाहेर जात नाही. इथे बरेच स्कोअरर चुकतात. २०२५ पासून गोलकीपरने चेंडू हातात आठ सेकंदांपेक्षा जास्त धरला तर समोरच्या संघाला कॉर्नर मिळतो, हेही पंचांच्या बैठकीत एकदा बोलून घ्या. पंच शेवटचे पाच आकडे हात वर करून मोजतो. खेळाडूंनी ते आधी पाहिलेलं नसतं आणि आपल्यावर अन्याय झाला असं त्यांना वाटतं.

पंचांशी बोलायचं ते फक्त कर्णधाराने. बेळगावच्या मैदानावर मराठी, कन्नड, हिंदी आणि कॅम्पातली कोकणी एकाच वेळी चालू असते. पंचाला युक्तिवाद समजेलच असं नाही, शिवी मात्र चारही भाषांतली समजते, आणि तिला थेट रेड कार्ड आहे.

तक्रार लेखी, सामना संपल्यावर एका तासात, पीडी सरांच्या सहीने, आणि फक्त पात्रतेवर किंवा नियम लावण्यातल्या चुकीवर. गोल झाला की नाही, ऑफसाइड होता की नाही, यावर पंचाचा निर्णय अंतिम असतो. त्यावरची तक्रार घ्यायचीच नाही, मोबाईलवर व्हिडिओ दाखवला तरी. तिघांची समिती ड्रॉच्या संध्याकाळीच नेमा आणि दोन राखीव नावंही घ्या, म्हणजे ज्याच्या कॉलेजची तक्रार आहे तो बाजूला होऊ शकेल. निर्णय पुढचा सामना सुरू होण्याआधी, लेखी. निकालपत्रकाच्या तीन प्रती: विद्यापीठाच्या क्रीडा विभागाला एक, यजमानांकडे एक, पंचांकडे एक, रेड कार्डाचा अहवाल त्यालाच जोडून, त्याच दिवशी.