तुम्ही विचारलंत म्हणून: त्याच मुलांच्या मागे इतकी वर्षं कशाला?

मी आहारतज्ज्ञ आहे. गरोदर बायकांच्या बैठकीत, आईच्या आहाराचा बाळावर काय परिणाम होतो हे पाहणाऱ्या, पुण्याजवळच्या सहा गावांतल्या अभ्यासाचा विषय निघाला की कुणीतरी हमखास विचारतं, "त्याच मुलांची वर्षानुवर्षं मापं घेऊन काय मिळवलं? तेवढ्या पैशात त्यांना दूध-फळं दिली असती तर?" विचारणारीच्या मनात मुलांची काळजीच असते. प्रश्न रास्त आहे.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, इंग्लंडमधल्या साउदम्पटनच्या संशोधकांना सोबत घेऊन, १९९३ मध्ये हे काम सुरू केलं. सुरुवात बाळापासून नव्हती, गरोदरपणापासूनही नव्हती. गावातल्या लग्न झालेल्या बायकांची उंची-वजनं दिवस जाण्याआधीच नोंदवली गेली. पाळीची चौकशी होत राहिली. दिवस गेले की अठराव्या आणि अठ्ठाविसाव्या आठवड्यात जेवण, कामाचे कष्ट, रक्त असं सगळं तपासलं. बाळंतपणानंतर "पाचव्या महिन्यात काय खात होतीस गं?" असं विचारलं तर ती बिचारी काय सांगणार?

बाळं सरासरी २.७ किलोच्या आसपास भरली. साउदम्पटनची बाळं साडेतीन किलोची. आपली बाळं हातापायांनी बारीक, स्नायू कमी. पण पाठीवर फऱ्याखाली कातडीची घडी चिमट्यात धरून मोजली, तर ती त्या मानाने जाडच निघाली. किरकोळ दिसणाऱ्या बाळाच्या अंगातही चरबी टिकून होती! आपल्याकडे सडपातळ माणसांनाही तरुणपणीच मधुमेह का गाठतो, याचा एक धागा तिथे हाती लागला. नुसत्या वजनकाट्यावर तो दिसला नसता.

आईने एकूण किती खाल्लं, यापेक्षा पालेभाज्या, फळं आणि दूध किती वेळा पोटात गेलं, याचा बाळाच्या वजनाशी जास्त संबंध दिसला. ज्यांच्यावर शेतातल्या आणि घरातल्या कष्टांचा भार जास्त, त्यांची बाळं लहान. सुनेच्या ताटाबद्दल सगळे बोलतात, तिच्या डोक्यावरच्या हंड्याबद्दल कुणी बोलत नाही. म्हणून मला हे फार मोलाचं वाटतं.

आणि खरी गोष्ट कळायला मुलं सहा वर्षांची व्हावी लागली. साधारण दोन-तृतीयांश आयांच्या रक्तात बी-१२ हे जीवनसत्त्व कमी होतं. ज्या आयांचं बी-१२ कमी पण फोलेट (फॉलिक ॲसिडच्या गोळ्यांतून मिळतं ते जीवनसत्त्व) भरपूर, त्यांच्या मुलांमध्ये, रक्तातली साखर आटोक्यात ठेवणाऱ्या इन्सुलिनला शरीराने दाद न देण्याचं प्रमाण सर्वांत जास्त आढळलं. म्हणजे पुढे मधुमेहाचा धोका. तेव्हा, "तेवढ्या पैशात काही द्यायचं होतं", हे मान्य. पण काय द्यायचं, हे १९९३ मध्ये कुणाला ठाऊक होतं?

ते कळल्यावर द्यायला सुरुवातही झाली. २०१२ पासून याच मुलामुलींपैकी काहींना, ती वयात आल्यावर, पण आईबाप होण्याआधी, एका प्रयोगाचा भाग म्हणून बी-१२ देण्यात आलं. पुढे त्यांच्या बाळांचीही मापं घेतली गेली.

बैठकीत हे ऐकून कुणी घाबरून फॉलिक ॲसिड बंद करू नये. बाळाच्या मेंदू-मणक्यातले जन्मजात दोष टाळायला ते लागतंच. गोळ्या चालू ठेवायच्या, आणि घरात मांस-मासे-अंडी शिजत नसतील, दूधही जेमतेम असेल, तर बी-१२ तपासायचं का, हे डॉक्टरांना विचारायचं. जमल्यास दिवस जाण्याआधीच.