बोअरवाले टँकर जास्त घेतात का? सर्व्हेचा हिशेब शिकताना, महिना चौथा

मंडळी, मागच्या वेळी लिहिलं होतं की गावातल्या पाण्याच्या सर्व्हेचे १२० घरांचे फॉर्म भरून झालेत आणि आता फक्त आकडे काढायचे राहिलेत. त्या "फक्त"वर माझे अडीच महिने गेले. आज बसून सगळं लिहितोय, कारण ह्यातल्या निम्म्या चुका तुम्हीपण करणार, खात्री आहे.

नव्या लोकांसाठी थोडक्यात. मी परभणी जिल्ह्यातल्या एका गावात पाइप-मोटारीचं दुकान चालवतो, आकडेशास्त्राशी संबंध बारावीपुरता. गावाचे दोन भाग, जुनं गावठाण आणि वाढीव वस्ती. गावठाणात नळ आहे, वस्तीत लाइनच आलेली नाही. गल्ल्या पायी फिरून घरं मोजली, गावठाणात ७०० आणि वस्तीत २५०. मग गावठाणात दर दहावं घर, वस्तीत दर पाचवं, म्हणजे ७० आणि ५०. वस्तीत जास्त दाट घेतलं कारण नुसतं दहावं घेतलं असतं तर तिथली २५च घरं आली असती आणि २५ घरांवर काय बोलणार. प्रश्न साधे: बोअर आहे का, मागच्या मे महिन्यात टँकर विकत घेतला का, नळ किती दिवसांनी येतो, साठवायला काय आहे. सर्व्हे केला जानेवारीत, रविवारी सकाळी, सोबत भाचा.

पहिला दणका सरासरीने दिला. एक मावशी दारात तूर निवडत बसली होती, तिला विचारलं नळ किती दिवसांनी येतो, तर म्हणली "येतो तवा येतो बाबा, तुला मोटार खपवायची असंल तर तसं सांग." (हे सगळीकडे झालं, मी दुकानदार हे गावाला माहीत, त्यामुळे बोअरच्या प्रश्नावर काही जणांनी हात आखडला असणार.) भाच्यानं तिथं ९९ टाकलं, आमचं ठरलंच होतं तसं, माहीत नाही म्हणजे ९९. अशी गावठाणात ९ घरं निघाली. घरी येऊन कॅल्कमध्ये (एक्सेलसारखंच असतं) सरासरी काढली तर १९.७ दिवस! मी खुशीत बायकोला सांगितलं, ती म्हणली एकोणीस दिवस नळ नाही आला तर बायका घागरी घेऊन रस्त्यावर बसतील, तुमचं काहीतरी चुकलंय. चुकलंच होतं. बिचाऱ्या कॅल्कला काय माहीत ९९ म्हणजे दिवस नाहीत, त्यानं ते पण बेरजेत धरले. बाकीच्या ६१ घरांची सरासरी ८ दिवस. गंमत म्हणजे मधला आकडा, मीडियन, ९९ धरूनसुद्धा ८च येत होता, तो हललाच नाही. तेव्हापासून कुठल्याही कॉलमची सरासरी काढायच्या आधी मी मीडियन आणि सगळ्यात मोठा आकडा बघतोच. आता पीएसपीपीवर आलोय (सर्व्हेचे हिशेब करायचं सॉफ्टवेअर, फुकट आहे, विकतच्या एसपीएसएससारखंच दिसतं), त्यात ९९ला मिसिंग म्हणून एकदा सांगितलं की तो ते हिशेबात घेत नाही.

आता मुख्य भानगड. बोअर आणि टँकरचा आडवा-उभा तक्ता केला. बोअर असलेली घरं ६०, नसलेली ६०, योगायोगानं बरोबर निम्मी. बोअरवाल्यांपैकी २६ जणांनी टँकर घेतला, बिनबोअरवाल्यांपैकी १८ जणांनी. भाचा लगेच म्हणला "मामा, ५९ टक्के बोअरवाले टँकर घ्यायलेत!" मीपण हो म्हणून गेलो. रात्री झोपताना टोचलं. ५९ आलं कुठून, तर एकूण ४४ टँकरवाल्यांपैकी २६. म्हणजे ते "टँकर घेणाऱ्यांत बोअरवाले किती" ह्याचं उत्तर. "बोअरवाल्यांत टँकर घेणारे किती" हे पाहिजे असेल तर भागायचं ६० नं, ४३ टक्के. तक्ता तोच, आकडे तेच, पण खाली कोण आहे त्यावर वाक्य पार बदलतं. आता मी प्रत्येक टक्क्याच्या शेजारी वहीत लिहितो "कशापैकी". वेड्यासारखं वाटतं पण वाचवतं.

तर ४३ विरुद्ध ३०. बोअर असूनही टँकर जास्त? दुकानात दोघातिघांना सांगून पण टाकलं मी, की बोअर पाडून काही उपयोग नाही गावात, आकडे सांगतात. स्वतःच्याच धंद्यावर पाणी. मग काय-स्क्वेअर (फरक खरा की नुसता योगायोग, हे बघायची चाचणी) हातानं केला, कारण बटण दाबून आलेला आकडा मला कळत नाही. रीत सोपी आहे: बोअरचा काही संबंधच नसता तर प्रत्येक खणात किती आले असते ते काढायचं (४४ टँकरवाले निम्मे-निम्मे, २२ आणि २२, न घेणारे ७६, ते ३८ आणि ३८), प्रत्यक्ष आकड्याशी फरक सगळीकडे ४, त्याचा वर्ग १६, त्याला अपेक्षित आकड्यानं भागायचं, चारही खणांची बेरीज. २.३ आले. दोन बाय दोनच्या तक्त्याला पाच टक्क्याची रेघ ३.८४ ला, म्हणजे संबंध नसताना त्याच्या वर आकडा शंभरात पाचदाच जातो. माझा आकडा रेघेच्या खालीच. म्हणजे एवढा फरक नुसत्या योगायोगानंही पडू शकतो. कार्ल पिअर्सन ह्या इंग्रज आकडेशास्त्रज्ञानं ही युक्ती १९०० साली मांडली, आणि सव्वाशे वर्षांनी ती माझ्या तोंडाला आवर घालायला कामी आली, पण तीन गिऱ्हाइकांना सांगून झाल्यावर.

ह्यानंतर गावठाण आणि वस्ती वेगळी केली, आणि तिथं मी खरंच खुर्चीवरून उठलो. गावठाणात बोअरवाली २० घरं, त्यात टँकर घेणारी २, म्हणजे १० टक्के. बिनबोअरची ५०, त्यात १०, म्हणजे २० टक्के. वस्तीत बोअरवाली ४०, त्यात २४, म्हणजे ६० टक्के. बिनबोअरची १०, त्यात ८, म्हणजे ८० टक्के. दोन्हीकडे बोअरवालेच कमी टँकर घ्यायलेत! एकत्र केलं की उलटं दिसतं. दोनदा बेरीज तपासली, बरोबर आहे. कारण समजलं की हसू येतं: वस्तीत नळच नाही म्हणून बहुतेकांनी बोअर पाडलेत, आणि नळ नाही म्हणूनच मे मध्ये बोअर आटला की टँकर. बोअरमुळे टँकर येत नाही, दोन्ही नळ नसल्यामुळे येतात. ह्याला सिम्पसनचा विरोधाभास म्हणतात. पुस्तकात वाचला होता, तेव्हा परीक्षेतलं कोडं वाटलं होतं.

पण इथंही उड्या मारता येत नाहीत. तुकडे केले की खण बारीक होतात. गावठाणात बोअरवाल्यांत अपेक्षित टँकर साडेतीनच्या आत, वस्तीत बिनबोअरवाल्यांत अपेक्षित न घेणारे ३.६. अपेक्षित आकडा पाचाच्या खाली गेला की काय-स्क्वेअरवर भरवसा ठेवू नये, तिथं फिशरची चाचणी करतात. ती पुढच्या महिन्यात.

वेट, म्हणजे कुठल्या घराला किती वजन द्यायचं, ते पण कळलं, एका रात्रीत. १२० पैकी ४४ म्हणजे ३६.७ टक्के घरांनी टँकर घेतला असं मी लिहिलं होतं. पण वस्तीतलं प्रत्येक घर मी दुप्पट दाट घेतलंय ना. गावठाणातलं एक घर १० घरांसाठी बोलतं, वस्तीतलं ५ घरांसाठी. तसं मोजलं तर ९५० पैकी २८०, म्हणजे २९.५ टक्के. सात टक्क्यांचा फरक, नुसत्या गुणाकारानं.

सगळ्यात लाजिरवाणी गोष्ट शेवटी. गावठाणाच्या कडेच्या गल्लीत ११ घरांना कुलूप होतं. आम्ही काय केलं, शेजारचं उघडं घर घेतलं, फॉर्म भरला, पुढं. जानेवारीत कुलूप कुणाच्या घराला असतं हे मराठवाड्यात सांगायला लागत नाही, कोयते ऊसतोडीला गेलेले. आणि मे मध्ये हीच माणसं गावात असतात, पाणी भरतात, म्हणजे माझ्या प्रश्नाचं उत्तर ज्यांच्याकडे होतं त्यांनाच मी गाळलं, आणि त्यांच्या जागी वर्षभर गावात राहणारे घेतले. एनएफएचएसच्या (सरकारचं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण) पाचव्या फेरीची पद्धत वाचली तेव्हा कळलं, निवडलेल्या प्रत्येक वस्तीत २२ घरं ठरवतात आणि घर बंद असलं तर परत परत जातात, बदली घर घेतच नाहीत. त्यांच्या जिल्ह्याच्या फॅक्टशीटमध्ये काही आकडे कंसात असतात, ते मला आधी छपाईची चूक वाटायचे. कंस म्हणजे ५० पेक्षा कमी जणांवरून काढलेला आकडा, आणि २५ पेक्षाही कमी असले तर आकडाच नाही, नुसती चांदणी. माझ्या वस्तीतल्या बिनबोअरच्या ८० टक्क्यांना त्या हिशेबानं चांदणीच मिळाली असती, दहा घरं म्हणजे काय.

ती ११ बदली घरं मी फाइलमधून काढली नाहीत, वेगळा कॉलम करून खूण केलीय. तोडीवाले परत यायला लागले की मूळ ११ घरांत जायचं, घर नंबर वहीच्या मागच्या पानावर आहेत. भाचा म्हणतोय ह्या वेळी दुकानाचं नाव असलेली पिशवी घरी ठेवून ये.