लेव्हल आणि कथेतली ताकद: तक्त्याची तिसरी नोंद

व्हिडिओ गेममधल्या पात्रांची लेव्हल आणि कथेतली ताकद यांचा मेळ पाहणारा हा तक्ता. या खेपेला त्यात फायनल फँटसी 4 (1991), 7 (1997), 8 (1999) आणि पोकेमॉन डायमंड-पर्ल (2006) भरून झाले. आधी प्रत्येक पात्रापुढे एकच रकाना होता: पार्टीत (खेळाडूच्या लढणाऱ्या गटात) येतानाची लेव्हल. तो मोडून आता तीन केले आहेत. पहिला लेव्हलचा. दुसरा वाढीचा, म्हणजे लेव्हल एकने चढली की कोणता आकडा किती हलतो. तिसऱ्याला आपण ‘कुलूप’ म्हणतोय: कथेसाठी बनवणाऱ्यांनी मुद्दाम बांधून ठेवलेला आकडा, जो कितीही ग्राइंड केलं (लेव्हलसाठी त्याच त्या लढती केल्या) तरी हलत नाही. पात्राची खरी ताकद शोधायची तर बहुतेक वेळा ती या तिसऱ्या रकान्यातच सापडते.

या रकान्याचा सगळ्यात चोख नमुना म्हणजे फायनल फँटसी 4 मधला टेला. हा म्हातारा ऋषी भूमिगत जलमार्गात भेटतो तेव्हा थेट लेव्हल 20 चा असतो, आणि नायक सेसिलची तर सुरुवातच 10 वर झालेली. आकड्यावर गेलं तर म्हातारा सरस, आणि नावाजलेल्या जादूगाराला ते शोभतंही. पण त्याची लेव्हल वाढवत नेली की एचपी (मार सोसायची क्षमता) चढतो, आणि शक्ती, चपळाई, दमखम हे आकडे उलट उतरतात. वय झालंय हे संवादात सांगून न थांबता ते स्टॅटमध्ये (पात्राच्या आकड्यांत) उतरवलं आहे. त्याहून मोठी गोष्ट एमपीची, म्हणजे मंत्रांवर खर्च होणाऱ्या साठ्याची. टेलाचा कमाल एमपी 90 वर बांधलेला आहे आणि मीटिऑर या मंत्राला 99 लागतात. नऊच कमी! माउंट ऑर्डील्सवर त्याला मंत्र मिळतो, यादीत दिसतो, पण लढाईत वापरता येत नाही. पुढे टॉवर ऑफ झॉटमध्ये मुलीचा सूड घेण्यासाठी तो खलनायक गोल्बेझवर मीटिऑर टाकतो आणि त्यात प्राण गमावतो, तेव्हा ते 99 कुठून आले हे वेगळं सांगावं लागत नाही. कथा आणि आकडा इतके एकजीव झालेले फार कमी ठिकाणी दिसतात.

हे स्वतः तपासायचं असेल तर क्रम असा ठेवा. सेव्ह करा, टेलाच्या अंगावरची हत्यारं-चिलखतं सगळी उतरवा, पाचही स्टॅट लिहून घ्या, पाच लेव्हल चढवा आणि पुन्हा उतरवून लिहा. साहित्य न उतरवता मोजलं तर त्याचे अधिकउणे आकडे मिसळतात आणि घसरण झाकली जाते. तक्त्यातल्या पहिल्या नोंदी याच कारणाने रद्द कराव्या लागल्या. संधीही दोनच आहेत. जलमार्गापासून डॅमसियनपर्यंत एक, माउंट ऑर्डील्सपासून झॉटपर्यंत दुसरी. मधल्या काळात तो पार्टीत नसतो.

त्याच डोंगरावर सेसिलचं नेमकं उलट होतं. अंधाराचा सरदार असताना त्याची काळी तलवार तिथल्या मुडद्यांवर नीट चालतच नाही. शेवटी स्वतःच्याच काळ्या रूपासमोर हत्यार न उगारता उभं राहायचं (हल्ला करायचा नाही, फक्त बचाव), आणि तो पॅलडिन (उजेडाचा सरदार) होतो. लेव्हल पुन्हा 1. कथेत माणूस सगळ्यात उंच गेला त्या क्षणी आकडा सगळ्यात खाली आला. दोन्ही लेव्हली एकाच रकान्यात लिहिल्या तर सेसिल दुबळा झाला असं दिसेल, म्हणून वर्ग बदलला की नवी ओळ सुरू करायची असा नियम केला आहे.

फायनल फँटसी 7 ची नोंद छोटी आहे. काल्म गावात नायक क्लाउड जुनी आठवण सांगतो त्या भागात पुढे खलनायक ठरणारा सेफिरॉथ लेव्हल 50 आणि क्लाउड लेव्हल 1. शत्रूचा मार सेफिरॉथला लागतच नाही. हे कुलूप झालं, 50 शी त्याचा संबंध नाही. खेळात 99 पर्यंत जाता येतं, त्यामुळे 50 हा आकडा स्वतः काही थोर नाही. तो 1 च्या शेजारी ठेवल्यावर बोलतो. आणि क्लाउडचा 1 पुढच्या उलगड्याशी जुळतो: तो सोल्जर (खास तुकडीतला लढवय्या) नव्हताच, साधा शिपाई होता.

फायनल फँटसी 8 मध्ये लेव्हल जवळजवळ उलटी चालते. प्रत्येक लेव्हलला सरसकट 1000 एक्सपी (अनुभवाचे गुण), आणि शत्रूंची लेव्हल पार्टीच्या सरासरीबरोबर वर जाते. तुम्ही चढलात की जगही चढलं. ताकद येते ती जंक्शनमधून, म्हणजे स्टॅटला मंत्र जोडून. नायक स्क्वॉल सुरुवातीच्या लेव्हल 7 वर पाचशेच्या घरात एचपी घेऊन फिरतो. सायरन या जीएफचं (जीएफ म्हणजे लढाईत बोलावता येणारे सोबती) एल मॅग-आरएफ, म्हणजे वस्तूंचे मंत्र करायचं कसब, शिकून घ्या: एका तंबूचे 10 क्युरागा (बरं करणारा मंत्र) होतात. तंबू 1000 गिलला (गिल म्हणजे खेळातलं चलन), म्हणजे 10,000 गिलमध्ये एका पात्रापुरते 100 क्युरागा. ते एचपी-जेला (एचपीच्या जंक्शनला) जोडले की 2200 एचपी वाढतो. लेव्हल तीच, 7.

लेव्हल खाली राखायची तर क्वेझाकोटल या जीएफची कार्ड आज्ञा वापरा. शत्रूचा एचपी उतरवून त्याचं कार्ड केलं की एपी (जीएफला कसब शिकवणारे गुण) मिळतात, एक्सपी नाही. बॉसकडूनही एक्सपी येत नाही. घोटाळा होतो तो जीएफ बोलावल्यावर. त्याचा फटका एका झटक्यात शत्रू संपवतो आणि एक्सपी जमा होतो. दुसरी अडचण अशी की कमी लेव्हलच्या शत्रूंकडे ड्रॉ करायला (ओढून घ्यायला) हलकेच मंत्र असतात. भारी मंत्र बहुतेक वस्तू आणि कार्डं यांचं रूपांतर करून मिळवावे लागतात. डायब्लोस या जीएफचं एन्क-नन लवकर शिकवलं की वाटेतल्या फुकटच्या लढती बंद होतात.

पोकेमॉनमध्ये वादच जास्त, म्हणून सरळ गणित मांडतो. डायमंडमध्ये काळाचा स्वामी डायल्गा स्पिअर पिलरवर लेव्हल 47 ला भेटतो. चॅम्पियन सिंथियाचा गारचॉम्प मात्र लेव्हल 66. मग एका प्रशिक्षकाचा ड्रॅगन काळाच्या देवाहून बलवान का? एचपीचं सूत्र असं: त्या जातीच्या मूळ आकड्याची दुप्पट अधिक आयव्ही (जन्मजात भर) अधिक ईव्हीचा (लढतींतून मिळालेल्या भरीचा) चौथा भाग, गुणिले लेव्हल, भागिले 100, अपूर्णांक सोडा, मग लेव्हल आणि 10 मिळवा. आयव्ही 31 आणि ईव्ही शून्य धरून:

डायल्गा, लेव्हल 47, मूळ एचपी 100: 165.
डायल्गा, लेव्हल 70: 241.
मॅजिकार्प (दुबळेपणासाठी ओळखला जाणारा मासा), लेव्हल 100, मूळ एचपी 20: 181.

म्हणजे पूर्ण चढलेला मॅजिकार्प एचपीत 47 च्या देवाला मागे टाकतो. पण मारा पाहा. स्वभावाचा परिणाम सोडला तर 47 च्या डायल्गाचा स्पेशल अटॅक 160, आणि लेव्हल 100 च्या मॅजिकार्पचा अटॅक 56. देवपण मूळ आकड्यांत आहे, बेरीज 680, मॅजिकार्पची 200. लेव्हल 47 एवढंच सांगते की खेळाडू तिथे पोचतो तेव्हा त्याचा संघ साधारण कुठे असतो. प्लॅटिनममध्ये हाच डायल्गा मुख्य कथा संपल्यावर 70 ला मिळतो; देव बदलला नाही, भेटीची वेळ बदलली.

पोकेमॉन गोल्ड-सिल्व्हरच्या चॅम्पियन लान्सची ओळ लाल रंगात ठेवली आहे. ड्रॅगोनेअरचा ड्रॅगोनाइट 55 ला होतो, आणि लान्सकडे तीन ड्रॅगोनाइट आहेत: 47, 47, 50. खेळाडूला हे साधत नाही. ही ओळ कुलपाच्या रकान्यात टाकावी की नियमभंग म्हणून वेगळी काढावी हे अजून ठरलेलं नाही. आमचा कल कुलपाकडे आहे, कारण ड्रॅगनचा उस्ताद दिसायला त्याच्याकडे ड्रॅगोनाइटच हवेत.

पुढे फायर एम्ब्लेम भरायचा आहे. त्या मालिकेच्या बऱ्याच भागांत 20 ला लेव्हल संपते आणि बढती मिळाली की पुन्हा 1 पासून मोजणी, त्यामुळे लेव्हल 1 चा पॅलडिन मार्कस सुरुवातीच्या सगळ्या पोरांना भारी पडतो. जेगनसारख्या म्हाताऱ्या सरदारांची वाढ तुटपुंजी असते. भरताना वर्ग आणि लेव्हल एकत्र लिहा, नुसती लेव्हल लिहिलेली ओळ परत पाठवली जाईल.