तुम्ही विचारलंत म्हणून : मॅडम, मग पोलिसात का नाही गेलात?

लग्नात, ट्रेनमध्ये, मुलाच्या पालकसभेत, कुठेही "मी क्रिमिनॉलॉजी शिकवते" म्हटलं की पुढचं ठरलेलं. अय्या, म्हणजे टीव्हीवरच्या सीआयडीसारखं का? आणि लगेच, मग पोलिसात का नाही गेलात? तर एकदाच सांगून टाकते, भरतीला गेले होते. बायकांना १५५ सेंमी उंची लागते, माझी १५२ भरली. विषय संपला.

आणि ते सीआयडीसारखं पण नाही हो. रक्त, बोटांचे ठसे वगैरे फॉरेन्सिकवाले बघतात. आम्ही बघतो की गुन्हा कशाला म्हणायचं ते कोण ठरवतं, पकडलं कोण जातं आणि आत गेलेला माणूस बाहेर कसा येतो.

मी सोलापूरची. वडील यंत्रमागावर, आई घरी विड्या वळायची. शाळेत माझ्या बाकावर सेटलमेंटमधली एक मुलगी होती. बाहेरच्यांना सांगावं लागतं, सेटलमेंट म्हणजे इंग्रजांनी 'गुन्हेगार जमाती' ठरवलेल्या लोकांना तारेच्या कुंपणात ठेवलं होतं ती वस्ती, तिथे हजेरी असायची, बाहेर पडायला पास लागायचा आणि माणसं कामाला गिरणीत. तर वर्गात कुणाची कंपासपेटी हरवली की बाई पहिलं तिचं दप्तर उलटं करायच्या. एकदा अशीच पेटी हरवली, बाई अजून काही बोलल्या पण नव्हत्या तर हीच उठली, दप्तर बाकावर रिकामं केलं, दोन वह्या, भाकरीचं फडकं, एक तुटकी पट्टी, परत सगळं भरलं आणि बसली. पेटी नंतर दुसरीकडेच सापडली. कुणी काही बोललं नाही, मी पण नाही.

सोलापुरातच समाजशास्त्रात बीए केलं आणि मग मुंबईत देवनारला टिसमध्ये (टाटा समाजविज्ञान संस्था) आले तेव्हा या सगळ्याला नाव मिळालं. जन्मजात गुन्हेगार असतात असं सांगणाऱ्या इटलीच्या लोम्ब्रोसोचं पुस्तक १८७६ चं, कवट्या मोजत बसायचा तो (त्याचं स्वतःचं डोकं आता तुरीनच्या म्युझियममध्ये बरणीत आहे, हे सांगितलं की वर्ग खडबडून जागा होतो). पण आपल्याकडे इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा १८७१ लाच केला होता, म्हणजे पुस्तक यायच्या पाच वर्षं आधी! १९५२ ला तो रद्द झाला. आमच्या बाईंपर्यंत ती बातमी ८९ सालीसुद्धा पोचली नव्हती.

पुढचं नेहमीचंच, नेट म्हणजे प्राध्यापकीची पात्रता परीक्षा, मग तासिका तत्त्वावर नऊ वर्षं, दोन कॉलेजं, तीन बस, पगार कधी दिवाळीला तर कधी होळीला. पीएचडी केली जामिनावर. त्यासाठी जेलच्या महिला विभागात जायचे तेव्हा एक बाई दरवेळी प्लॅस्टिकच्या पिशवीतून घडी घातलेला कागद काढून विचारायची, ताई, पुढची तारीख कधीये? बाकीच्यांशी बोलायच्या नादात मी दोनदा तो न वाचताच परत दिला, त्याची लाज अजून वाटते. तिसऱ्यांदा वाचला तर जामीन मंजूर झालेला, १५ हजाराचा, चार महिन्यांपूर्वी. तिला कुणी सांगितलंच नव्हतं आणि जामीनदार उभा करायला बाहेर कुणी नव्हतं. आता २०२३ पासून सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की जामिनाच्या ऑर्डरची कॉपी त्याच दिवशी नाहीतर दुसऱ्या दिवशी जेलला मेल करायची आणि ती कैद्यापर्यंत पोचवायची. पण जामीनदार काही मेलने येत नाही. २०२२ च्या सरकारी आकडेवारीत देशातल्या पावणेसहा लाख कैद्यांपैकी जवळपास ७६ टक्के कच्चे कैदी आहेत, म्हणजे केस अजून चालूच.

घरचं विचाराल तर नवरा बँकेत आहे, जेवताना माझे विषय काढायचे नाहीत हा त्याचा नियम, आणि तो मुलगाच मोडतो. सासूबाई सुरुवातीला पाहुण्यांना सांगायच्या, "सून जेलात असते." मी बाजूला उभी राहून हसायचे.

गेल्या वर्षी सोलापुरात एका लग्नात बाकावरची मैत्रीण भेटली. काय करतेस विचारलं, सांगितलं. तिने पण तेच विचारलं, पोलिसात का नाही गेलीस गं? म्हटलं, उंची. तर म्हणाली, "गेली असतीस तर बरं झालं असतं. कुठं काय झालं की पोराला चौकीत बोलावतात, तुला फोन लावला असता."

नंबर दिलाय तिला.