रिचर्ड पेन नाइट: लोखंडाचा पैसा, काशाच्या मूर्ती

घारापुरीच्या लेण्यांवरचे जुने इंग्रजी लेखन चाळताना रिचर्ड पेन नाइट हे नाव मला पहिल्यांदा भेटले, आणि त्यानंतर हा गृहस्थ काही केल्या डोक्यातून जाईना. जमीनदार, खासदार, संग्राहक, कवी, शिवाय कलेतले आपल्याला सगळ्यांहून अधिक कळते अशी पक्की खात्री बाळगणारा हा माणूस! त्या खात्रीने त्याला बरेच काही मिळवून दिले आणि दोनदा चांगलेच तोंडघशीही पाडले.

१७५१ साली हेरफर्डशायरमध्ये जन्मलेल्या नाइटचे आजोबा लोखंडाचे कारखानदार होते. टीम नदीच्या काठी ब्रिंजवुड येथे त्यांच्या भट्ट्या होत्या, तिथे लाकडी कोळशावर लोखंड तयार होई आणि त्याच पैशातून घराण्याने आसपासच्या जमिनी घेतल्या. वडील पाद्री होते. मुलाची प्रकृती तोळामासा असल्याने चौदाव्या वर्षापर्यंत त्याला शाळेत घातले गेले नाही, आणि विद्यापीठाची पायरी तर त्याने कधीच चढली नाही. तरीही पुढे ग्रीक भाषेचा मोठा जाणकार म्हणून त्याने नाव कमावले. इस्टेट हाती आल्यावर ऐन विशीत त्याने डाउन्टन येथे किल्ल्यासारखा वाडा बांधायला घेतला. त्याला बाहेरून बुरूज आणि दगडी कंगोरे होते, तर आतली घुमटाकार भोजनशाला रोमच्या पँथिऑन या प्राचीन घुमटाकार मंदिराची आठवण करून देणारी होती.

१७९४ मध्ये त्याने ‘द लँडस्केप’ ही दीर्घ कविता छापली आणि केपेबिलिटी ब्राउन या नामांकित उद्यानरचनाकाराच्या गुळगुळीत हिरवळींवर तीत हल्ला चढवला. पुस्तकात थॉमस हर्न याने काढलेली दोन चित्रे आहेत. दोन्हींमध्ये जागा एकच आहे, मात्र एका चित्रात ती ब्राउनच्या पद्धतीने हजामत केल्यासारखी स्वच्छ दिसते, तर दुसऱ्यात झुडपे, खडक आणि वेडीवाकडी झाडे जिथल्या तिथे राहू दिलेली आहेत. नाइटची बाजू मला पटते. पण ज्या दरीच्या रानटी सौंदर्याचे तो गोडवे गातो, तिथल्याच भट्ट्यांनी त्याचे घर चालवले होते, हेही विसरवत नाही.

राजकारणाविषयी फारसे सांगण्यासारखे नाही. १७८० ते १८०६ या काळात तो आधी लेमिन्स्टरचा आणि मग लडलोचा खासदार होता. चार्ल्स फॉक्स या नेत्याच्या व्हिग, म्हणजे उदारमतवादी, गटाचा असूनही सभागृहात तो क्वचितच बोलला.

खरा गदारोळ झाला तो १७८६ मधील प्रबंधामुळे. इटलीतील इसेर्निया गावच्या जत्रेत मेणाची लिंगे नवस म्हणून वाहिली जातात, असे नेपल्समधील ब्रिटिश राजदूत सर विल्यम हॅमिल्टन याने कळवले होते. त्या पत्राला जोडून नाइटने प्रायापस या प्रजननाच्या ग्रीक-रोमन देवतेच्या उपासनेवर लिहिले आणि सृजनशक्तीची पूजा हेच सर्व धर्मांचे मूळ असल्याचे प्रतिपादन केले. पुराव्यांमध्ये घारापुरीहून आणल्याचे सांगितले गेलेले एक शृंगारशिल्पाचे तुटलेले दगडी शकल होते; ते त्याचा मित्र चार्ल्स टाउनली याच्या संग्रहात होते. आपल्याकडे ज्या लिंगापुढे बेल वाहताना कोणाला संकोच वाटत नाही, त्याच्या नुसत्या चर्चेने लंडनच्या सभ्य समाजाचा पारा चढला.

त्याच्या हातून घडलेली मोठी चूक मात्र वेगळीच होती. लॉर्ड एल्गिन या ब्रिटिश राजदूताने अथेन्सच्या पार्थेनॉन या प्राचीन मंदिराची शिल्पे लंडनला आणली तेव्हा ती ग्रीक नसून हेड्रियन या रोमन सम्राटाच्या काळातील रोमन आहेत, असे नाइटने ठासून सांगितले. सतराव्या शतकातील प्रवासी स्पॉन याने त्यांतील दोन आकृती हेड्रियन आणि त्याच्या राणीच्या मानल्या होत्या, आणि नाइटने त्याचाच आधार घेतला. १८१६ मध्ये संसदीय समितीपुढे त्याने त्या शिल्पांची किंमत २५,००० पौंड सांगितली. सरकारने ती ३५,००० पौंडांना घेतली. तळहातावर मावणाऱ्या काशाच्या मूर्तीत रमणाऱ्या त्याच्या नजरेला झिजलेला, भंगलेला, अवाढव्य संगमरवर कदाचित पेललाच नसावा, असे मला वाटते.

दुसरी फजिती आकाराने लहान, पण अधिक मजेदार होती. फ्लोरा या फुलांच्या रोमन देवतेचे मस्तक कोरलेला एक कॅमिओ, म्हणजे उठावदार कोरीव खडा, प्राचीन समजून त्याने विकत घेतला होता. तो दाखवायला तो सर जोसेफ बँक्स याच्या घरी गेला, तेव्हा तिथे बेनेदेत्तो पिस्त्रुची नावाचा इटालियन कारागीर बसलेला होता. हा तर मीच कोरला आहे, असे त्याने सांगून टाकले. पिस्त्रुचीच्या आत्मकथनानुसार मग देवीच्या डोक्यावरील फुले कोणती यावर वाद जुंपला, आणि वनस्पतिशास्त्रज्ञ असलेल्या बँक्सने ती साधी गुलाबाची फुले असल्याचा निर्वाळा दिला. नाइटने मात्र आपला हेका सोडला नाही.

१८२४ मध्ये तो वारला, तेव्हा शेकडो कांस्यमूर्ती, पाच हजारांहून अधिक नाणी आणि क्लोद लोरेन या चित्रकाराची अडीचशेहून अधिक रेखाटने त्याने ब्रिटिश म्युझियमला दिली. टाउनलीचा संग्रह तिथे १८०५ मध्येच पोहोचला होता, आणि एल्गिनची शिल्पेही तिथेच होती. नाइटच्या ठेव्याबरोबर तो फ्लोराचा कॅमिओदेखील म्युझियममध्ये गेला. आज तिथल्या नोंदीत त्याचा कर्ता म्हणून पिस्त्रुचीचे नाव आहे.