सोसायटीचा ओला कचरा: आधी वजनकाटा, मग यंत्राचं बघू

ओला कचरा आवारातच जिरवा, अशी वॉर्ड ऑफिसची नोटीस आली की कमिटीची पहिली धाव यंत्राच्या कोटेशनकडे. आमचीही तीच. खरं तर आधी आणायचा असतो वजनकाटा. 2016च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनुसार रोज सरासरी 100 किलोच्या वर कचरा निघाला की सोसायटी कचऱ्याची मोठी उत्पादक ठरत असे. मुंबईत अशा सोसायट्यांनी ओला कचरा आवारातच जिरवावा, हा पालिकेचा आग्रह 2 ऑक्टोबर 2017पासूनचा.

सलग सात दिवस वजन केलं, रविवार धरून; कारण मटण-मासळीचा वार वगळला तर सरासरी खोटी येते. आमच्या 118 घरांचा रोजचा सरासरी ओला 86 किलो, सुका 31, डायपर-पॅड 6. वजनाची ही वही पुढे पालिकेच्या पाहणीच्या वेळी सगळ्यात आधी मागितली गेली. ठराव, जागेचा नकाशा, फोटो हे सोपं.

चोवीस तासांत 'खत' देणारी यंत्रं आम्ही नाकारली. ती कचरा तापवून वाळवतात, कुजवत नाहीत. तो भुगा कुंडीत घालून पाणी दिलं की बुरशी धरते, वास सुटतो.

जाळीदार विटांचे आठ हौद बांधले, प्रत्येकी साधारण एक मीटर लांब-रुंद-उंच. कचरा बसत जातो, त्यामुळे एक हौद सहा दिवस पुरतो. आठवा भरेपर्यंत पहिल्यातलं चाळण्याजोगं होतं. तळाला उतार आणि पन्हळ हवीच. तिथे जमलेलं काळं पाणी वाळक्या ढिगावर परत शिंपडायचं. उंदरांसाठी अर्ध्या इंचाची वेल्डेड जाळी, झाकणालासुद्धा.

कचऱ्याच्या दोन बादल्यांना वाळक्या पाल्याची किंवा भुशाची एक बादली. भुसा साध्या लाकडाचा घ्यावा. फर्निचरवाल्याकडचा प्लायचा भुसा फुकट मिळतो, पण त्यात गोंद असतो. पर्जन्यवृक्षाचा पाला उत्तम, आणि तो आवारातच पडतो. मासळीची डोकी-काटे ढिगाच्या मध्यात पुरायचे, वर बोटभर नव्हे, वीतभर भुसा.

दुरुस्ती नाकानेच कळते. डोळ्याला झोंबणारा वास आला तर पाला-भुसा कमी पडलाय. सडक्या अंड्याचा आला तर हवा कोंडलीये, ढीग फावड्याने वरखाली करा. मुंग्या लागल्या तर ढिगात पाणी कमी पडलंय. मूठभर घेऊन दाबावं: एखाद-दोन थेंब यावेत, धार नाही. मधोमध हात घातला तर चटका बसला पाहिजे. थंड ढीग म्हणजे काम थांबलेलं.

फसलो ते दोन ठिकाणी. मे महिन्यात आंब्याच्या बाठा आणि शहाळी सरसकट टाकली, तीन महिन्यांनी तशीच वर आली. आता ती वेगळ्या गोणीत जातात. दुसरं, जुलैत ऐनवेळी मागवलेला भुसा ओलाच आला. तेव्हापासून चार महिन्यांचा भुसा मे संपायच्या आत झाकणाच्या पिंपात भरून, पिंपं विटांवर ठेवतो.